वर्ताळा

तव्यावर उलटताना एक धिरडं मधोमध तुटलं. त्यातला अर्धा तुकडा बाईंनी उलथन्याने उचलला, कागदी बशीत ठेवला, बशी माझ्यापुढे सरकवली आणि मान किंचित झुकवून म्हणाल्या, “सोबिसु.” मला ऐकू आलं ‘सर्व्हिस’. पस्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या बाईच्या डोक्यात ‘सर्व्हिस’ या शब्दाला ‘चार्ज’ आपोआप येऊन चिकटतो. त्यात निघण्याआधी आठवडाभर ‘परदेशात पर्यटकांना कसं गंडवतात’ छापाचे व्हिडिओ बघून मी कंबर कसूनच आले होते. मी दोन्ही तळहात पुढे केले, “नो, नो” म्हटलं आणि नीट कळावं म्हणून बशी एका बोटाने परत त्यांच्याकडे ढकलली. बाईंनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. बशी उचलून तव्याच्या कडेला ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तो तुकडा तिथेच गार होत राहिला, माझ्यापासून हातभर अंतरावर.

या गोष्टीला आता तीन महिने होऊन गेले.

सोलमधल्या ग्वांगजांग बाजारातली ही गोष्ट. लेक तिथे शिकते. नोव्हेंबरात तीन आठवडे मी तिच्याकडे गेले होते. नेमक्या त्या वेळी ती फोन आला म्हणून गल्लीच्या टोकाला गेली होती, कारण त्या गल्लीत उभं राहून फोनवर बोलणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. वर उंच छप्पर, छपराला देशोदेशीचे झेंडे, आणि खाली रस्त्याच्या मधोमध खाण्याच्या गाड्यांची रांग. गाडीला लागूनच अरुंद बाकं. बाकावर बसलं की खालून ऊब येते. बैठकीखाली विजेची चटई घातलेली असते हे मला बसल्यावर कळलं आणि बाहेरच्या थंडीत कडक झालेले गुडघे पहिल्यांदा सैल पडले. समोर पसरट तवा, त्यात तळणीला शोभेल इतकं तेल, आणि तव्याच्या बाजूला चक्क जातं. खरंखुरं, दगडाचं. फक्त खुंटा धरणारा हात नाही, खाली मोटर आहे. भिजवून सालं काढलेले मूग आणि पाणी वरून पडतं, दोन दगडांच्या फटीतून फिकट पिवळं पीठ सगळीकडून ओघळत राहतं. त्या पिठात मुगाचेच मोड घालतात, आंबवलेला कोबी घालतात आणि आपल्या थालीपिठाएवढं, पण बोटभर जाड असं काहीतरी तेलात सोडतात. बिन्देत्तोक. धिरडं व्हावं की वडा, हे त्याचं शेवटपर्यंत ठरत नाही. कडा कुरकुरीत, पोटात मऊ, आणि सोबत सोया सॉसमध्ये बुडवलेल्या कांद्याच्या फोडी. पहिला घास घेतला आणि मला आईच्या मुगाच्या धिरड्याची आठवण आली असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. पण खरं सांगायचं तर मला आठवण आली ती घरच्या गॅसवर इतकं तेल ओतायची माझी कधीच हिंमत झाली नाही याची.

लेक परत आली तेव्हा माझा चेहरा बघूनच तिने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. त्या सर्व्हिस चार्ज लावत होत्या. मी नको म्हटलं.”

“नक्की काय म्हणाल्या त्या?”

“सोबिसु की काय.”

तिने कपाळाला हात लावला. “अगं आई, सोबिसु म्हणजे फुकट! शब्द सर्व्हिसवरूनच आलाय, पण अर्थ उलटा. दुकानदाराने आपणहून वरचं दिलेलं. जुना शब्द दॉम आहे त्याला. म्हणजे बघ, तू किलोभर काही घेतलंस आणि त्याने तोलून झाल्यावर वर दोन जास्तीचे टाकले, ते दॉम. आपल्याकडे त्याला शब्दच नाहीये.”

“आहे की. वर्ताळा.”

“काय?”

“वर्ताळा.”

“व-र्ता-ळा,” तिने जिभेवर फिरवून बघितला, जसा आत्ता समोरचा पदार्थ मी फिरवून बघत होते. मग मोबाइल काढून लिहून घेतला. माझ्या मुलीला वर्ताळा कोरियनमध्ये माहीत होता, मराठीत नव्हता. यात तिची चूक काय? ती जन्मल्यापासून आमच्या घरी दूध पिशवीतून आलं.

ती म्हणाली, मी सांगते त्यांना, गैरसमज झाला म्हणून. पण तोवर बाकावर आणखी चार जण कोंबून बसले होते, बाई एका हाताने पीठ सोडत होत्या आणि दुसऱ्या हाताने पैसे घेत होत्या, आणि मी म्हटलं, राहू दे. राहू दे म्हणताना मला वाटलं होतं की मी समजूतदारपणे म्हणतेय. खरं तर मला लाज वाटली होती. लाज वाटली की मी नेहमीच समजूतदार होते.

आमच्या चिपळूणच्या मासळी बाजारात आई जायची तेव्हा मी पिशवी धरायला असायचे. मासे वाट्यावर. गोणपाटावर पाच-पाच, सहा-सहा बांगड्यांचे वाटे मांडलेले, त्यावर मावशी पाण्याचा हबका मारायची. भाव व्हायचा, घासाघीस व्हायची, आई उठून दोन पावलं चालू लागायची, मावशी हाक मारून परत बोलवायची. हे सगळं ठरलेलं. वाटा पिशवीत पडला की माझ्या दृष्टीने व्यवहार संपायचा. आईच्या दृष्टीने तिथे खरी सुरुवात. पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून ती म्हणायची, “वर्ताळा?” “एवढा दिला तो काय मग?” “तो वाटा गं मावशी. वर्ताळा कुठाय?” मावशी तोंडाने काहीबाही पुटपुटत एक बांगडा उचलायची, तो परत ठेवून त्याहून बारका उचलायची आणि पिशवीत टाकायची. आई पिशवीत डोकावून बघायची. तिला तो बारका बांगडा नको असायचा. घरी आल्यावर तो मांजरालाच जायचा बहुतेक वेळा. पण तो न घेता ती तिथून हलायची नाही. आठवी-नववीत असताना मला हे बघून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गातली एखादी मुलगी तिच्या आईबरोबर पलीकडे उभी असली तर मी पिशवी सोडून देऊन कोपऱ्यात जाऊन उभी राहायचे. आपल्याला नोकरी लागली की कोणाकडे काही वरचं मागायचं नाही, हे मी त्या मासळीच्या चिखलात उभी राहून ठरवलेलं आहे.

आणि वर्ताळा काही मासळीपुरता नव्हता. दूधवाला माप ओतून झालं की कासंडीतून एक बारीक धार पातेल्यात वरून सोडायचा. तांदूळ पायलीने यायचे तेव्हा मापावर शीग लावलेली असायची, त्या शिगेवर हात फिरवून ती सपाट करणारा दुकानदार गावात बदनाम. वाण्याकडे मला एकटीला पाठवलं तर पुडीबरोबर गुळाचा खडा हातावर पडायचा. शीग हा शब्द लिहिताना मला आता थांबून विचार करावा लागला, तो नक्की असाच म्हणायचे ना आपण? शीगच. त्या खड्याची चव मात्र आठवावी लागत नाही. किंचित रॉकेलचा वास असायचा त्याला.

तर ग्वांगजांग. बाजार 1905 सालचा. जपानने कोरियाचं परराष्ट्र खातं आपल्या ताब्यात घेतलं ते हेच वर्ष, आणि इथल्या व्यापाऱ्यांनी आपला आपण बाजार उभा केला तोही याच वर्षी. त्या वर्षी पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली होती. जोडून बघावं असं काही नाही, पण कापडाचं नाव निघालं की मला ती होळी आठवते, आणि ग्वांगजांग मुळात कापडासाठीच ओळखला जायचा. खाण्यासाठी येणारे आमच्यासारखे लोक पुढे वाढले. 1950 ते 53 च्या युद्धात बाजाराची धूळधाण झाली, पुन्हा बांधला गेला. त्या युद्धात उत्तरेकडून जीव घेऊन आलेली माणसं या भागात ओढ्याकाठी झोपड्या टाकून राहिली आणि मिळेल ते विकू लागली. हे मुगाचं धिरडंही त्या उत्तरेकडचं, फ्यॉन्गान प्रांताचं; तो प्रांत आता सीमेपलीकडे आहे. उल्हासनगरला सिंध्यांच्या दुकानात दाल-पकवान खाताना कधी सिंध आठवत नाही, तसंच इथेही असणार. तव्यापुढे बसलेल्या पोरांना उत्तर कोरिया आठवत नव्हता. ती कांद्याच्या फोडी आणखी मागत होती.

पण मला जिने धरून ठेवलं ती गल्ली खाण्याची नव्हती. तिथून दोन वळणांवर सुक्या मासळीची आणि खारवलेल्या जिनसांची दुकानं लागली, आणि लेकीला वास असह्य झाला तेव्हा मला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. पिंपांमधून बारीक कोळंबी मिठात मुरवत ठेवलेली, गुलाबीसर, डोळे काळे ठिपक्याएवढे. सेऊजॉत म्हणतात. जवळाच तो, फक्त आपण उन्हात वाळवतो आणि हे मिठात बुडवतात. नोव्हेंबर म्हणजे त्यांचा किमची घालायचा हंगाम, त्यामुळे बायकांची झुंबड. आपल्याकडे मे महिन्यात मिरच्या घेताना बायका देठ मोडून वास घेतात, तशा या करंगळीने ती कोळंबी चाखून बघत होत्या, आणि दुकानदार जणू आपली परीक्षाच चालली आहे अशा चेहऱ्याने उभा. पलीकडे वाळवलेल्या माशांच्या माळा. हा एकच मासा, म्यॉन्गथे, पण ताजा असला तर एक नाव, गोठवलेला असला तर दुसरं, वाळवलेला असला तर तिसरं, डोंगरातल्या बर्फात गोठत-वितळत हिवाळाभर वाळवलेला असला तर चौथं, आणि पिल्लू असलं तर पाचवं. लेक बोटं मोजत सांगत होती आणि मी म्हणत होते, बरोबर आहे. सुकट, सोडे, करदी, जवळा. ज्याला नाव नाही त्याला चव कशी असेल?

एका दुकानाच्या दारावर आतल्या बाजूने असाच एक अख्खा वाळका मासा टांगलेला होता, तोंड वासलेलं, अंगाभोवती पांढऱ्या सुताची जाड लड गुंडाळलेली. विकायचा असेल म्हणून मी हात लावायला गेले तर लेकीने मागे ओढलं. दुकान उघडताना टांगतात म्हणे, अरिष्ट आत येऊ नये म्हणून. मासा डोळे मिटत नाही, रात्रंदिवस दारावर लक्ष ठेवतो. लिंबू-मिरची! मी इतक्या मोठ्याने म्हटलं की दुकानदार बाहेर आला. लेकीने त्याला आमची लिंबू-मिरची समजावून सांगितली, दर शनिवारी बदलतात हेही सांगितलं. तो गंभीरपणे ऐकून घेऊन काहीतरी म्हणाला आणि ती हसत सुटली. “म्हणतोय, दर आठवड्याला? मग महाग पडत असेल.”

फुटपाथवर तर वाटेच होते. म्हाताऱ्या बायका, डोक्याला रुमाल, बिनबाह्यांची जाड जाकिटं, पुढ्यात लाल प्लास्टिकच्या टोपल्या. टोपलीत पाच रताळी, टोपलीत मूठभर लसूण सोललेला, टोपलीत मोड. वजन नाही, काटा नाही, टोपलीचा भाव. धान्याच्या दुकानात लाकडी चौकोनी मापं होती, द्वे म्हणतात त्यांना, आणि त्यातल्या मुगावर टेकडीसारखी शीग. मी तिच्याकडे किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक. असं शिगेने भरलेलं जे असतं त्याला त्यांचा वेगळा शब्द आहे, गोबोंग. ताटात भाताचा डोंगर वाढला तरी तोच शब्द. तो शब्दही लेकीला माहीत होता. शीग नव्हता. मी तोही लिहून घ्यायला लावला. ती म्हणाली, “आई, तू बाजार बघायला आली आहेस की माझी परीक्षा घ्यायला?”

भाव करताना ते म्हणतात, क्काक्का जुसेयो, म्हणजे जरा तासून द्या. सफरचंदाचं साल काढतात किंवा पेन्सिलीला टोक करतात त्याच क्रियापदाने किंमत सोलायची. मला ते फार आवडलं. आणि तव्यामागच्या बाईंना हाक मारतात इमो. इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे मावशी. आत्या नाही, काकू नाही, नेमकी मावशीच. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, घरकामाला येणाऱ्या बाईला मावशी म्हणतो, आणि का म्हणतो याचा विचार करायची कधी वेळ येत नाही. आईची बहीण म्हटलं की तिच्याकडे हट्ट करता येतो, थोडं वरचं मागता येतं, ती ओरडली तरी चालतं. हे दोन ठिकाणच्या लोकांना एकमेकांना न विचारता कळलं. आणि उलट बाजूने त्या मला काय म्हणत होत्या, तर ओमोनिम. आईसाहेब. म्हणजे तो तुकडा बशीत घालताना ती मावशी एका आईला काहीतरी देत होती, आणि आईने बोटाने बशी परत ढकलली.

वरच्या मजल्यावर रेशमाची दुकानं. जिना चढताच आवाज एकदम बसतो. खाली तेलाची चरचर आणि इथे कापडाचे तागे भिंतीभर उभे, दुकानदार बायका गादीवर बसून सुईत दोरा ओवताहेत. लग्नाचे पारंपरिक कपडे इथे शिवायला टाकतात, गाद्या-रजयासुद्धा इथेच. आपल्या भाषेत सांगायचं तर बस्ता. एका दुकानात अशीच मायलेकींची जोडी बसली होती. रिवाज असा की नवरीच्या आईने गुलाबीकडे झुकणारा रंग घालायचा आणि नवऱ्याच्या आईने निळ्याकडे झुकणारा, म्हणजे मांडवात कोण कोणाकडची हे लांबून कळतं. ती आई एकामागून एक गुलाबी कापड खांद्यावर टाकून आरशात बघत होती, आणि मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता प्रत्येकाला चांगलं म्हणत होती. मी माझ्या लेकीकडे बघितलं. “माझ्याकडे बघू नकोस,” ती म्हणाली. मी म्हटलं, मी रंग बघतेय. गुलाबी मला कधीच शोभला नाही, हेही खरं.

बाजाराच्या मागे चॉन्गेचॉन वाहतो. शहराच्या पोटातून जाणारा हा ओढा. 1958 पासून त्यावर काँक्रीट घालून तो बुजवत नेला, वर उड्डाणपूल बांधला, मग 2003 मध्ये ते सगळं उपटायला घेतलं आणि 2005 मध्ये पाणी पुन्हा उघडं केलं. पुण्यात नाल्यांवर पार्किंग बघत आलेल्या मी ते सहन होण्याइतकंच बघितलं. काठाने पूर्वेकडे थोडं चाललं की एका पुलावर एका तरुणाचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, पुलाच्या दगडातून कमरेपासून वर उगवल्यासारखा. जॉन थे-इल. समोरच्याच फ्यॉन्हवा बाजारातल्या शिलाई कारखान्यांत हा कपडे बेतायचा. फ्यॉन्हवा म्हणजे शांतता. त्या कारखान्यांत खोलीची उंची मध्येच फळ्या टाकून दुमजली केलेली, सरळ उभंही राहता येत नसे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाचे चौदा तास तिथे सुईदोऱ्याला जुंपलेल्या. कामगारांचा कायदा होता, पुस्तकात होता. 13 नोव्हेंबर 1970 ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो कायदा पाळा म्हणत त्याने स्वतःला पेटवून घेतलं. आम्ही गेलो तेव्हा पुतळ्याच्या पायाशी आठवड्याभरापूर्वीची फुलं होती, प्लास्टिकच्या वेष्टनात आतून घाम आलेली. लेक सांगत होती की दुपारी उपाशी राहणाऱ्या त्या पोरींना तो स्वतःच्या बसभाड्याच्या पैशांतून पुलपांग घेऊन द्यायचा, म्हणजे साच्यात भाजलेले छोटे पाव, आणि मग रात्री शहराच्या टोकाला असलेल्या घरी चालत जायचा. मी काही बोलले नाही. वर पाहिलेलं ते झुळझुळीत रेशीम आणि ही फळ्यांची खोली यांत मैलभराचंही अंतर नाही. बाजाराच्या मायेबद्दल मी मनातल्या मनात जी गोड गोड वाक्यं जुळवत आले होते, ती त्या पुलावर जराशी आंबली. कोणाच्या तरी पोटातलं काढून स्वस्त झालेला माल असतो, आणि त्यावर वरून हसून दिलेला वर्ताळाही असतो. त्याच बाजारात.

मावशीचा बारका बांगडा तरी कुठे निव्वळ प्रेमाचा होता? वाटा मांडतानाच त्यातला एक बाजूला ठेवलेला असणार, भाव सांगतानाच त्याचे पैसे धरलेले असणार. आईलाही ते माहीत होतं. ती काही भोळी नव्हती. पण पैसे वळते करून घ्यायचे आणि तरी दिलं-घेतलं म्हणायचं, आणि ते दोघींनी तोंड वाकडं करून का होईना निभवायचं, यात काहीतरी होतं, जे मोबाइलवर भाजी मागवताना नसतं. तिथे ‘कोथिंबीर मोफत’ अशी हिरवी पट्टी येते. कोणीतरी देतंय असं वाटत नाही. सोलमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांतही ‘एकावर एक’ची लेबलं लावलेली असतात, आणि लेक आणि तिच्या मैत्रिणी त्याच हिशेबाने दूध-दही घेतात. गणिताने बघितलं तर त्यात फायदा जास्त. तुटलेल्या अर्ध्या धिरड्यात फायदा असा काय असणार?

आईला फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. तिला ऐकू कमी येतं आता, त्यामुळे कोरिया, मूग, बाई, तुकडा हे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, तिलाही काहीतरी आठवलं असेल. मग म्हणाली, “आणि तू नको म्हणालीस?” मी हो म्हटलं. “शिकून काय उपयोग,” ती म्हणाली आणि फोन भावाकडे दिला.

निघायच्या दिवशी सकाळी लेकीचं कॉलेज होतं. मी एकटीच भुयारी रेल्वेने जोंगनो-5-गा स्थानकावर उतरले. स्थानकाबाहेर पडलं की तीन-चार मिनिटांवर बाजार. वाट चुकणार नाही याची खात्री होती, तरी मुठीत पत्ता लिहिलेला कागद होता. त्याच कागदामागे लेकीने देवनागरीत दोन वाक्यं लिहून दिली होती: एक बिन्देत्तोक द्या, आणि, फार छान झालं आहे. पाकिटात सुटे पाच हजार वॉन वेगळे काढून ठेवले होते. त्या नोटेवर एक विद्वान आहेत, आणि पन्नास हजारांच्या नोटेवर त्यांच्या आई. आई दहापट मोठी. हे लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्या देशाबद्दल माझं मत चांगलं झालं होतं.

त्याच बाई होत्या. तेच फुलाफुलांचं अॅप्रन, एका हातात रबरी मोजा. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखण्याचं कारणही नव्हतं. तीन आठवड्यांत तिथे किती ओमोनिम बसून गेल्या असतील. मी कागद न बघता म्हटलं, “इमो, बिन्देत्तोक हाना जुसेयो.” त्यांनी भुवया उंचावल्या आणि भराभर काहीतरी लांबलचक विचारलं. मी हसून मान हलवली. त्या प्रश्नाचं उत्तर काय होतं ते मला अजून माहीत नाही, पण पुढ्यात आलं ते धिरडं आधीच्यापेक्षा जास्त खरपूस होतं. मी सावकाश खाल्लं. खाताना लक्ष सगळं त्यांच्या उलथन्याकडे. एक धिरडं उलटलं, अख्खं. दुसरं उलटलं, अख्खं. माझी आई असती तर एव्हाना बशी पुढे करून मोकळी झाली असती. दॉम हा एवढासा शब्द माझ्या ओठांपर्यंत दोनदा आला. आठवीतली ती मुलगी आतून हात धरून होती.

तिसरं तुटलं.

माझ्या शेजारी एक तरुण जोडपं येऊन बसलं होतं, गोरंपान, पाठीवर भल्या मोठ्या पिशव्या, कुठल्या देशाचं कळलं नाही. बाईंनी तुकडा उचलला, कागदी बशीत घातला आणि त्यांच्यापुढे सरकवला. “सोबिसु.” मुलाने बायकोकडे बघितलं. बायकोने पाकिटाकडे. आणि मग त्या मुलाने दोन्ही तळहात पुढे केले, अगदी माझ्यासारखे, “नो, नो, थँक यू.” बाईंचा हात बशीकडे जायला लागला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, “फ्री! फ्री! घ्या हो, फुकट आहे!” मराठीतच. मुलगा दचकला, बायको हसली, आणि त्यांनी तो तुकडा अर्धा-अर्धा केला.

बाईंनी माझ्याकडे बघून एकदा मान हलवली आणि पीठ ढवळायला घेतलं. मी पाच मिनिटं आणखी बसले. कांदा संपवला, चहाचं कोमट पाणी संपवलं. पुढचं धिरडं अख्खं उलटलं, त्यापुढचंही. मागे लोक जागेसाठी उभे होते. मला काही आलं नाही.

खरं सांगते, जरा रागच आला.